झोप कोणत्या भाषेत येते?

वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी होते आणि तिचे घाट पूर्वेकडे तोंड करून बसतात. त्यामुळे उगवत्या सूर्याचा उजेड पलीकडच्या मोकळ्या वाळूवरून, मध्ये कशाचाही अडसर न येता, थेट पायऱ्यांवर पडतो. पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मधोमध दुर्गाघाट आहे. वर ब्रह्मचारिणी देवीचे मंदिर, जवळच नाना फडणवीसांचा वाडा, आणि भोवती अठराव्या शतकापासून नांदणारी मराठी वस्ती. येथे दिवस लवकर सुरू होतो. घंटा, स्नानाला निघालेल्यांची पावले, दुधाच्या बरण्यांचा खणखणाट. पहाटे पाचनंतर झोपून राहणे येथे कठीणच.

अशा एका वाड्यातील पंधरा वर्षांच्या मुलीची कल्पना करावी. घरात ती मराठी बोलते, शाळेत हिंदी आणि गल्लीत बनारसी ढंगाची भोजपुरी. रात्री कोचिंगहून परतून जेवण, गृहपाठ आणि थोडा मोबाइल आटोपेपर्यंत बारा वाजतात. सकाळी पाच-साडेपाचला सारे घर उठते, म्हणून तीही उठते. शाळेत तिसऱ्या तासाला तिची मान कलते. शिक्षक म्हणतात, ‘आलसी है।’ घरी आजी म्हणते, ‘अगं, पुन्हा पेंगतेस? रात्रभर करतेस तरी काय?’ हे दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत. पण एक जण मुलीचा स्वभाव सांगतो आहे आणि दुसरी तिची अवस्था.

आता या मुलीच्या हातात एक कागद दिला जातो. त्यावर आठ प्रश्न आहेत. उत्तरांची बेरीज केली की दिवसा तिला किती झोप येते याचा आकडा मिळतो. मुलगी कल्पित आहे, पण प्रश्नावली खरी आहे आणि तिच्या भाषांतरात येणाऱ्या अडचणीही खऱ्या आहेत.

प्रथम हे मोजायचेच कशासाठी, ते पाहू. रात्री किती तास झोप झाली, हे घड्याळ सांगू शकते. ती झोप पुरली की नाही, हे मात्र दिवस सांगतो. १९८० साली मेरी कार्सकॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमधील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे मुलांना दररोज रात्री दहा तास अंथरुणात राहण्याची मुभा होती. वयात येताना मुलांची झोप कमी होत जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात झोपेचे तास जवळजवळ तेवढेच राहिले आणि दुपारची पेंग मात्र वाढली. किशोरवय म्हणजे झोपेची गरज ओसरण्याचे वय, हा समज तेथे डळमळला. पुढील संशोधनातून चित्र स्पष्ट होत गेले. या वयात मेंदूतील जैविक घड्याळ उशिराकडे सरकते, रात्री मेलॅटोनिन उशिरा स्रवू लागते आणि जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाबही लहान मुलांच्या तुलनेत सावकाश वाढतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांनी आठ ते दहा तास झोपावे, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीची २०१६ ची शिफारस आहे. मध्यरात्री निजून पहाटे पाचला उठणाऱ्या मुलीचे गणित या आकड्याशी जुळत नाही.

स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासात दिवसाची झोप मोजली गेली ती एका सरळ तत्त्वावर: माणूस जितका झोपाळलेला, तितका तो लवकर झोपतो. डोक्याला इलेक्ट्रोड लावून व्यक्तीला अंधाऱ्या, शांत खोलीत पडू द्यायचे आणि झोप लागायला किती मिनिटे लागतात ते मेंदूच्या विद्युत्-लहरींवरून पाहायचे. दोन-दोन तासांच्या अंतराने वीस-वीस मिनिटांच्या अशा चार किंवा पाच संधी द्यायच्या आणि सरासरी काढायची. ही चाचणी विश्वासार्ह आहे. पण तिला प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि संपूर्ण दिवस लागतो. शाळेतल्या तीनशे मुलांना त्यातून नेणे शक्य नाही. म्हणून प्रश्नावली येते. कागद स्वस्त असतो.

मोठ्यांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडली. तीत आठ प्रसंग आहेत आणि प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ अशी सांगायची असते. मुलांसाठी ख्रिस्तोफर ड्रेक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वेगळी मापनश्रेणी तयार केली. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ११ ते १५ वर्षांच्या ४५० विद्यार्थ्यांवर ती तपासली गेली. तीत आठ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि एकूण गुण ० ते ३२. ज्यांचे गुण जास्त, त्यांची झोप कमी आणि शाळेतील कामगिरीही उणी, असे त्या अभ्यासात दिसले. नंतर ही श्रेणी अनेक भाषांत गेली. एपवर्थ श्रेणीचे बदल केलेले हिंदी रूपांतरही उत्तर भारतातील लोकांवर तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता तो कागद पुन्हा दुर्गाघाटावरील मुलीच्या हातात देऊ.

पहिली अडचण शीर्षकातच आहे. इंग्रजीत ‘स्लीपी’ हे विशेषण त्या क्षणाची अवस्था सांगते. मराठीत त्याचा जवळचा दिसणारा शब्द ‘झोपाळू’. पण झोपाळू हा टोमणा आहे. तो स्वभावाचे वर्णन करतो, कुंभकर्णाच्या कुळातला आहे. ‘तू झोपाळू आहेस का?’ या प्रश्नाला कोणतीही स्वाभिमानी मुलगी ‘नाही’ म्हणेल. मराठी माणूस अवस्था वेगळ्या रीतीने सांगतो. तो म्हणतो, ‘मला झोप येते.’ या वाक्याचा कर्ता झोप आहे. ती येते, लागते, उडते, मोडते. माणूस फक्त ज्याला ती येते तो. हिंदीचे वळणही असेच आहे: नींद आती है. म्हणून भाषांतरकाराला विशेषण टाकून क्रियापद धरावे लागते, आणि मूळ प्रश्नाचा सांगाडाच बदलतो.

त्यातही झोपेच्या अलीकडे किती पायऱ्या! डोळे जड होणे, जांभया येणे, पेंग येणे, डुलकी लागणे, गुंगी चढणे. त्यांच्या शेजारी, पण वेगळ्या घरात राहणारे शब्द म्हणजे थकवा, मरगळ, सुस्ती, आळस, कंटाळा. हिंदीत ऊँघना आणि झपकी आहे, भोजपुरीत औंघाई आहे. ‘सुस्ती’ हा शब्द तर फसवाच आहे: जेवणानंतरच्या जडपणालाही सुस्ती आणि काम टाळण्यालाही सुस्तीच. धावून आलेले मूल थकलेले असते, पण त्याला झोप येत नाही. अपुऱ्या झोपेच्या मुलाला धावपळ न करताही पेंग येते. निद्रावैद्यकात हा भेद निर्णायक आहे, कारण दोन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. भाषांतरात शब्द एक पायरी घसरला की प्रश्नावली झोपेऐवजी थकवा किंवा कंटाळा मोजू लागते, आणि कागदाकडे पाहून ते कुणाला कळत नाही.

आता एकेक प्रश्न घेऊ.

वर्ग चालू असताना किती वेळा पेंग येते, असे एक प्रश्न विचारतो. ‘वर्ग’ऐवजी सोपा म्हणून ‘क्लास’ शब्द ठेवला, तर मराठी मुलीच्या कानी ‘क्लास’ म्हणजे खासगी शिकवणी. सकाळच्या शाळेतील पेंग आणि संध्याकाळी सातच्या शिकवणीतील पेंग या शरीरशास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिवसाची आहे, दुसरी रात्रीच्या उंबरठ्यावरची.

दिवसभर बहुतेक वेळ तरतरीत असतेस का, असे आणखी एक प्रश्न विचारतो. मूळ इंग्रजीतील शब्द ‘अलर्ट’. शब्दकोश त्यासाठी सतर्क, सावध, जागरूक देतो; हिंदीत चौकन्ना. पण सतर्क राहायला पोलिसांच्या फलकावर सांगितलेले असते आणि जागरूक नागरिक असतो. गच्चीवर वाळत घातलेले पापड माकडांपासून राखणारी मुलगी चौकन्नी असतेच, डोळे कितीही जड असोत. ती ‘नेहमी’ म्हणेल. येथे ‘तरतरीत’ किंवा ‘टवटवीत’ हाच शब्द हवा. शिवाय हा एकच प्रश्न उलटा आहे: बाकी सातांत ‘नेहमी’ला ४ गुण, यात मात्र ०. प्रश्नांची दिशा अशी मध्येच बदलली की घाईत उत्तरे देणारी मुले चकतात. १७४२ साली अँडर्स सेल्सियस यांनी मांडलेल्या मूळ तापमानश्रेणीत उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० अंश होते. ती लवकरच उलटवली गेली. मापनात दिशा ही संकेताची बाब असते. पण संकेत सर्वांना सारखाच कळलेला हवा.

दिवसा थकलेली आणि चिडचिडी असतेस का, हा तर एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. दुर्गाघाटावरील मुलगी थकलेली असू शकते. चिडण्याची मुभा मात्र घरातील प्रत्येकाला सारखी नसते. थोरला दादा चिडला तर ‘अभ्यासाचा ताण आहे’ म्हणतात. ती चिडली तर ‘उलट बोलते’. उत्तर देताना ती झोपेसोबत घरातील शिस्तही मोजत असते.

उठवण्यासाठी कुणी लागते का, हा पुढला प्रश्न. ओहायोतील स्वतंत्र खोलीत झोपणाऱ्या मुलाला आईने दारावर थाप मारावी लागली, तर त्यातून त्याची झोप अपुरी असल्याचा अंदाज बांधता येतो. एका खोलीत चौघे झोपणाऱ्या घरात आईने सर्वांना हाक मारणे ही रोजची रीत असते. तेथे ‘नेहमी’ हे उत्तर प्रेमाचेही असू शकते, आणि गुण मात्र पूर्ण ४ मिळतात. उठवल्यावर पुन्हा झोप लागते का, या प्रश्नाचेही तसेच. मराठीत त्या झोपेला साखरझोप असे गोड नाव आहे. ज्याला भाषेने साखर लावली, त्याला लक्षण म्हणून कोण मोजील?

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा वाटतो: आणखी झोप हवी असे वाटते का? पण विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत ‘श्वाननिद्रा’ मोजणाऱ्या सुभाषिताच्या छायेत वाढलेल्या मुलांना कमी झोपणे हा गुण वाटतो. परीक्षेच्या दिवसांत ‘मी चारच तास झोपले’ हे अभिमानाने सांगितले जाते. शिक्षकांकडे जाणाऱ्या कागदावर ‘मला आणखी झोप हवी’ असे लिहिणे म्हणजे कबुलीजबाबच.

एपवर्थ श्रेणीत तर मोटारीचे दोन प्रसंग आहेत: तासभर न थांबता प्रवासी म्हणून बसलेले असताना, आणि रहदारीत गाडी काही मिनिटे थांबलेली असताना. दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार शिरतच नाही. मद्य न घेता केलेल्या दुपारच्या जेवणानंतरचाही एक प्रसंग आहे. तो शाळकरी मुलीला विचारणे विचित्र. मरे जॉन्स यांना मुलांच्या बाबतीतील ही अडचण उमगली होती. २०१५ च्या बाल-किशोर आवृत्तीत सकाळी शाळेच्या वर्गात बसलेले असताना, मोटारीने किंवा बसने अर्धा तास जाताना, जेवताना असे प्रसंग आले. म्हणजे मूळ उपकरणकर्त्यालाही त्याच भाषेत, केवळ वय बदलल्यावर, उपकरण नव्याने घडवावे लागले. भाषा, घर आणि शाळा हे सगळेच बदलले तर काम किती वाढेल?

यावर एक जुना, रूढ उपाय आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली. एकाने इंग्रजीतून मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहावेत. याने ढोबळ चुका सापडतात. पण ‘अलर्ट’चे ‘सतर्क’ झाले आणि ‘सतर्क’चे पुन्हा ‘अलर्ट’, तर कागदोपत्री सारे बरोबर ठरते. माकडे राखणारी मुलगी त्या तुलनेत कोठेच येत नाही. दोन्ही भाषांतरकार सुशिक्षित, दोघांच्या हाती एकच शब्दकोश. परतीचे तिकीट असले म्हणजे प्रवास झाला असे होत नाही.

दुसरा आधार आकडेवारीचा. ली क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये लोकप्रिय केलेला अल्फा हा गुणक प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगतो. ड्रेक यांच्या मूळ अभ्यासात तो ०.८० होता, म्हणजे चांगला. भाषांतरित प्रश्नावलीचाही अल्फा चांगला आला की अनेकदा तेथेच समाधान मानले जाते. पण सुसंगती म्हणजे अचूकता नव्हे. एका वाड्यातील आठ घड्याळे एकमेकांशी मिनिटामिनिटाने जुळत असतील आणि सगळीच अर्धा तास मागे असतील. आठही प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजत आहेत, एवढे अल्फा सांगतो. ती गोष्ट झोप आहे की मरगळ, हे तो सांगत नाही.

भौतिकशास्त्रातील मोजमापाची शिस्त येथे उपयोगी पडते. कोणतेही उपकरण नव्या जागी नेले की ते आधी ठाऊक मूल्याशी ताडून पाहावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. तापमापीसाठी बर्फ आणि उकळते पाणी असते. झोपेच्या प्रश्नावलीसाठी तसे स्थिर बिंदू शोधावे लागतात: काही मुलांची प्रयोगशाळेतील चाचणी, मनगटावरील हालचालमापकाने आठवडाभर नोंदलेली झोप, सुटीच्या आणि शाळेच्या दिवसांतील फरक. सुटीत पोटभर झोपलेल्या मुलांचे गुण उतरले नाहीत, तर प्रश्नावली दुसरेच काही मोजत आहे असा संशय घ्यावा. त्याहून सोपी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी म्हणजे दहा-पंधरा मुलांसोबत बसणे आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारणे: तुला यात काय विचारले आहे असे वाटले? उत्तर देताना कोणता प्रसंग आठवला? ‘कधीकधी’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा? ‘बरेचदा’ आणि ‘वारंवार’ यांतले मोठे कोणते? मोठ्यांना स्वच्छ वाटणारी वाक्ये येथेच उलगडतात.

न तपासलेल्या उपकरणाचा एक धोका असा की चुका एकमेकींना झाकतात. समजा, आईच्या हाकेमुळे मुलीचे ४ गुण विनाकारण वाढले आणि ‘सतर्क’ शब्दामुळे ३ गुण विनाकारण घटले. बेरीज जवळजवळ बरोबर येते, पण चुकीच्या कारणांनी. दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या घरात या चुका एकमेकींना झाकणार नाहीत. मग त्या शाळेतील मुले ‘अधिक झोपाळलेली’ म्हणून बातमीत येतील.

हे सारे काटेकोर का करायचे, याचे उत्तर दुर्गाघाटाच्या आकाशात आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि ती रेषा वाराणसीच्या शेजारी, मिर्झापूरजवळून जाते. म्हणून वाराणसीत घड्याळ आणि सूर्य यांच्यात सरासरी जेमतेम दोन मिनिटांचा फरक आहे. नागपुरात तो सुमारे १४ मिनिटांचा होतो, पुण्यात ३५ आणि मुंबईत ३८. जानेवारीच्या मध्यास वाराणसीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, मुंबईत सव्वासातच्या. मुंबईत सातला भरणाऱ्या शाळेची घंटा तेव्हा अंधारात वाजते. मौलिक जगनानी यांनी २०१९ मध्ये चर्चेत आलेल्या अभ्यासात दाखवले की भारतात सूर्यास्त तासाभराने उशिरा होतो तेथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. मुले उशिरा निजतात, शाळा मात्र घड्याळाप्रमाणेच भरते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांच्या झोपेची दखल घेतली गेली, हे स्वागतार्हच. पण ज्यांचे जैविक घड्याळ निसर्गतः उशिराकडे सरकलेले असते, ती आठवी-नववी-दहावीची मुले या आदेशाबाहेर राहिली. सिॲटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली, तेव्हा मनगटी उपकरणांच्या नोंदींत मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवण्यास कायद्याने मनाई झाली. आपल्याकडे असा प्रश्न उद्या पुढे आला, तर पहिली मागणी असेल: आमच्या मुलांचे आकडे दाखवा. ते आकडे बहुधा भाषांतरित प्रश्नावलीतूनच येतील. ते कच्चे असतील, तर ज्यांच्यासाठी ते गोळा केले त्यांच्याच विरोधात वापरले जातील. ‘मुले आळशी आहेत, एवढेच यातून दिसते,’ असे म्हणायला कुणाला वेळ लागणार नाही.

दुर्गाघाटावरील ती मुलगी अजून पहिल्याच प्रश्नापाशी आहे. तिला विचारले आहे, ‘तुम्हें दिन में सुस्ती आती है?’ ती थांबते. ‘हो’ लिहिले तर आळशी ठरू, ‘नाही’ लिहिले तर खोटे होईल. त्याच जागी ‘दिन में बैठे-बैठे तुम्हारी आँख लग जाती है?’ असे विचारले असते, तर ती थांबली नसती. तिसऱ्या तासाचा फळा, पंख्याचा आवाज आणि वहीवर घसरत गेलेली पेनाची रेघ तिला लगेच आठवली असती. तिने खरे उत्तर दिले असते, आणि कदाचित प्रथमच कुणी तरी तिच्या मिटणाऱ्या डोळ्यांची नोंद तिच्या स्वभावाच्या खात्यात न करता तिच्या अपुऱ्या रात्रीच्या खात्यात केली असती.